बाळंतपणासाठी माहेरी जाताना: गरोदरपणातील प्रवास सुरक्षित कसा करावा?

“डॉक्टर, पुढच्या रविवारी हिचे डोहाळजेवण आहे. त्यानंतर लगेच माहेरी पाठवले तर चालेल ना?”

हा प्रश्न माझ्या दवाखान्यात नेहमी येतो. त्यामागोमाग इतरही येतात. एसटीने न्यावे की गाडीने? घाटात त्रास होईल का? खड्ड्यांमुळे बाळाला काही होणार नाही ना?

गरोदरपण व्यवस्थित चालू असेल, तर योग्य वेळी आणि थोडी तयारी करून केलेला प्रवास सहसा सुरक्षित असतो. रस्त्यात काही बिघडल्याचे मी क्वचितच पाहिले आहे. बिघडते ते पोहोचल्यानंतर. सासरचे डॉक्टर सुटलेले असतात, माहेरचे अजून ठरलेले नसतात, आणि मधले दोन-तीन आठवडे तपासणीविना जातात.

काही वर्षांपूर्वी पुण्याहून माहेरी आलेली एक पहिलटकरीण डोके दुखते म्हणून माझ्याकडे आली. तिला येऊन सोळा दिवस झाले होते. पायांवर आणि चेहऱ्यावर सूज होती. प्रवासाची सूज असेल, उतरेल, असे घरच्यांना वाटले. फाईल पुण्याच्या घरी कपाटात राहिली होती. बीपी तपासले, तर १६०/११०. लघवीत प्रथिने होती. तिला १०८ रुग्णवाहिकेने लगेच जिल्हा रुग्णालयात पाठवले. बाळ अपुऱ्या दिवसांचे जन्मले, काही दिवस नवजात शिशू अतिदक्षता कक्षात राहिले. सुदैवाने दोघेही सुखरूप घरी गेले. तिचे बीपी प्रवासामुळे वाढले नव्हते. पण प्रवासानंतरच्या त्या सोळा दिवसांत ते कुणी मोजलेच नव्हते.

म्हणून या लेखात प्रवासातील काळजीबरोबरच निघण्याआधी आणि पोहोचल्यावर काय करायचे, हेही सांगितले आहे.

प्रवासासाठी योग्य काळ कोणता?

आधी दिवस नीट मोजा. घरी “सातवा लागला” असे म्हणतात तेव्हा कुणी शेवटच्या पाळीपासून मोजलेले असते, तर कुणी पाळी चुकल्यापासून. यात महिन्याभराचा फरक पडू शकतो. डॉक्टर आठवड्यांत मोजतात. तुमच्या फाईलवर प्रसूतीची अंदाजे तारीख लिहिलेली असते. ती ४० आठवडे पूर्ण होण्याची तारीख असते. तिच्यावरून आज कितवा आठवडा आहे, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या.

- पहिले तीन महिने: मळमळ, उलट्या आणि थकवा जास्त असतो. गर्भपाताची शक्यताही याच काळात अधिक असते. ती प्रवासामुळे वाढते असे नाही, पण शक्य असेल तर लांबचा प्रवास पुढे ढकला.
- १४ ते २८ आठवडे: प्रवासासाठी सर्वात सोयीचा काळ. उलट्या कमी झालेल्या असतात आणि पोटही फार जड झालेले नसते.
- २८ ते ३४ आठवडे: बहुतेक मुली याच काळात माहेरी जातात. तपासण्या व्यवस्थित असतील तर जायला हरकत नाही. यात जितके लवकर जाल तितके सोपे.
- ३६ आठवड्यांनंतर: लांबचा प्रवास टाळा. कळा कधीही सुरू होऊ शकतात.

“सातव्यात न्यावे, आठव्यात हलवू नये” ही जुनी पद्धत वेळेच्या दृष्टीने चांगलीच आहे. मात्र त्यामागे “सातव्यातले मूल जगते, आठव्यातले जगत नाही” अशी एक समजूत असते. ती चुकीची आहे. पोटातला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या फायद्याचा असतो. आठव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाची स्थिती सातव्यात जन्मलेल्या बाळापेक्षा सहसा चांगली असते.

आणखी एक सूचना. डोहाळजेवण आणि प्रवास एकाच दिवशी ठेवू नका. दिवसभर बसणे, पाहुणे, जड जेवण आणि त्यावर रात्रीची गाडी, हे फार होते. मध्ये एक दिवस विश्रांतीचा जाऊ द्या.

प्रवास कुणी टाळावा?

पुढीलपैकी काही असेल, तर तुमच्या प्रसूतितज्ज्ञांना विचारल्याशिवाय तिकीट काढू नका.

- या गरोदरपणात रक्तस्राव झाला असेल किंवा पाणी गेले असेल
- सोनोग्राफीत वार खाली असल्याचे सांगितले असेल
- बीपी १४०/९० किंवा त्याहून जास्त असेल
- जुळी बाळे असतील
- गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातला असेल
- आधीची प्रसूती अपुऱ्या दिवसांची झाली असेल
- हिमोग्लोबिन फार कमी असेल (७ पेक्षा कमी म्हणजे तीव्र रक्तक्षय, त्यावर आधी उपचार हवेत)
- पूर्वी पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ झाली असेल
- हृदयविकार असेल किंवा मधुमेह नियंत्रणात नसेल

यातील काही जणींसाठी आहे त्याच गावी बाळंतपण करणे जास्त सुरक्षित असते. अशा वेळी मुलीला माहेरी नेण्याऐवजी आईला इकडे बोलवा. त्यात कमीपणा काही नाही.

निघण्यापूर्वी काय करावे?

निघण्याच्या आधीच्या आठवड्यात एकदा तपासणी करून घ्या. २८ आठवड्यांच्या आसपास काही गोष्टी वेळेवर व्हाव्या लागतात, आणि नेमक्या त्या माहेरी जाण्याच्या गडबडीत राहून जातात.

- साखरेची तपासणी: २४ ते २८ आठवड्यांत ग्लुकोज पाजून केली जाते.
- हिमोग्लोबिन: ११ पेक्षा कमी असेल तर गोळ्यांचा डोस बदलावा लागू शकतो.
- अँटी-डी इंजेक्शन: तुमचा रक्तगट निगेटिव्ह आणि पतीचा पॉझिटिव्ह असेल, तर २८ आठवड्यांच्या सुमारास हे इंजेक्शन दिले जाते. मध्येच रक्तस्राव झाला किंवा पोटावर मार बसला, तर ते ७२ तासांच्या आत लागते. याबद्दल डॉक्टरांना आठवणीने विचारा.
- धनुर्वाताची इंजेक्शने (टीडी): दोन्ही झाली का, ते कार्डावर पाहा.

पुढील वस्तू सामानाच्या बॅगेत टाकू नका. हाताशी राहणाऱ्या पर्समध्ये ठेवा.

- फाईल, सर्व सोनोग्राफीचे आणि रक्ताचे रिपोर्ट, माता व बाल संरक्षण कार्ड, आधार कार्ड
- चालू असलेल्या गोळ्या, किमान महिनाभर पुरतील इतक्या
- आताच्या डॉक्टरांचा फोन नंबर
- ओआरएसची दोन पाकिटे, पॅरासिटामॉल, सॅनिटरी पॅड, एक जोडी सुती कपडे

प्रत्येक कागदाचा फोटो काढून तो तुमच्या, पतीच्या आणि आईच्या फोनवर ठेवा. फाईल हरवली तरी नव्या डॉक्टरांना सगळे कळेल.

सर्वात महत्त्वाचे म्हणजे, निघण्याआधीच माहेरचे रुग्णालय ठरवा. तिथे सिझेरियनची सोय आहे का, रक्ताची सोय किती लांब आहे, रात्री डॉक्टर असतात का, हे फोन करून विचारा. पोहोचल्यापासून सात दिवसांच्या आतली तपासणीची तारीख घ्या.

कोणते वाहन चांगले?

खाजगी गाडी: हवे तेव्हा थांबता येते, हा मोठा फायदा. दर दीड-दोन तासांनी दहा मिनिटे थांबा आणि थोडे चाला. सीटबेल्ट लावाच. पोट दाबले जाईल म्हणून अनेक जणी तो लावत नाहीत, पण अपघातात आई आणि बाळ दोघांनाही पट्टाच वाचवतो. आडवा पट्टा पोटावरून घेऊ नका, तो पोटाच्या खाली, कमरेच्या हाडांवर हवा. तिरका पट्टा दोन्ही स्तनांच्या मधून पोटाच्या बाजूने घ्या. पुढे बसलात तर सीट शक्य तितकी मागे घ्या.

एसटी: महाराष्ट्रात मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे, त्यामुळे अनेक जणी एसटीनेच जातात. आरक्षण करून साधारण मधली सीट घ्या. मागच्या चाकावरच्या आणि शेवटच्या रांगेत धक्के सर्वाधिक बसतात. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय उठू नका. सामान सोबतच्या माणसाकडे द्या.

रात्रीची ट्रॅव्हल्स: आडवे होता येते, पण बहुतेक गाड्यांत स्वच्छतागृह नसते आणि गाडी कुठे थांबेल ते आपल्या हातात नसते. घ्यायचीच असेल तर खालचा बर्थ घ्या आणि थांबे आधी विचारून ठेवा.

रेल्वे: लांबच्या अंतरासाठी मी सहसा रेल्वेच सुचवतो. स्वच्छतागृह असते, उठून चालता येते, आडवे होता येते आणि घाटातली वळणेही कमी जाणवतात. ज्येष्ठ नागरिकांप्रमाणे गर्भवती स्त्रियांसाठीही खालच्या बर्थचा कोटा असतो. तिकीट काढताना तो मागा आणि डॉक्टरांचे प्रमाणपत्र जवळ ठेवा. छोट्या स्टेशनवर गाडी दोनच मिनिटे थांबते, म्हणून स्टेशन येण्याआधी सामान दाराजवळ नेऊन ठेवायला सांगा. चालत्या गाडीतून उतरण्याची घाई कधीही करू नका. रेल्वेत मदत लागली तर १३९ वर फोन करा.

विमान: गुंतागुंत नसेल तर विमानप्रवास सुरक्षित आहे. साधारणपणे ३२ आठवड्यांनंतर कंपन्या डॉक्टरांचे प्रमाणपत्र मागतात आणि ३६ आठवड्यांनंतर बहुधा घेत नाहीत. जुळ्यांसाठी मर्यादा आणखी अलीकडची असते. प्रत्येक कंपनीचे नियम वेगळे असतात, तिकीट काढण्याआधी ते पाहा. येण्याजाण्याच्या वाटेलगतची सीट घ्या.

दुचाकी: घसरून पडण्याचा धोका मोठा आहे. विशेषतः सहाव्या-सातव्या महिन्यानंतर, एका बाजूला पाय टाकून बसून लांब जाणे टाळा. “स्टँडपर्यंतच तर जायचंय” असे म्हणतानाही रिक्षा बोलवा.

प्रवासात घ्यायची काळजी

पाणी आणि लघवी: वाटेत स्वच्छ जागा मिळणार नाही म्हणून अनेक जणी सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि लघवी तासन्‌तास रोखून धरतात. दोन्ही चुकीचे आहे. गरोदरपणात मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग लवकर होतो आणि त्यामुळे अपुऱ्या दिवसांत कळा सुरू होऊ शकतात. घरचे उकळून गार केलेले पाणी सोबत घ्या, थोडे थोडे पीत राहा आणि दर दोन तासांनी लघवीला जा. थांबे आधीच ठरवा: पेट्रोल पंप, चांगले हॉटेल, मोठे बसस्थानक. सोबतच्या पुरुषांनी “आता थेट घरीच थांबू” असे म्हणू नये.

पाय: गरोदरपणात रक्त गोठण्याचे प्रमाण वाढलेले असते. चार तासांहून जास्त वेळ एकाच जागी बसल्यास पायाच्या शिरेत गाठ होण्याची शक्यता वाढते. पायावर पाय टाकून बसू नका. दर अर्ध्या तासाने पावले वर-खाली करा, घोटे गोल फिरवा. सैल कपडे आणि सपाट चपला घाला. दोन्ही पायांवर थोडी सूज येणे सामान्य आहे, ती रात्रीच्या झोपेनंतर उतरते.

खाणे: उपाशीपोटी निघू नका आणि भरल्या पोटीही नको. दशमी, धपाटे, गूळ-शेंगदाणे, केळी, फुटाणे असे घरचे कोरडे खाणे दर दोन-अडीच तासांनी थोडे थोडे खा. कापून ठेवलेली फळे, उघड्यावरची चटणी, बर्फ घातलेला उसाचा रस आणि पाणीपुरी वाटेत नको. जुलाब लागले तर ओआरएस सुरू करा आणि डॉक्टरांना दाखवा.

मळमळ: गाडीत पुढच्या बाजूला बसा, समोर लांब पाहा, मोबाईल बाजूला ठेवा. आल्याची वडी, आवळा सुपारी किंवा लिंबू हुंगल्याने अनेकींना बरे वाटते. गोळी हवी असेल तर निघण्याआधी डॉक्टरांकडून लिहून घ्या. सोबतच्या कुणाची गोळी घेऊ नका.

पाठ: कमरेमागे छोटी उशी किंवा घडी घातलेली चादर ठेवा. झोपताना डाव्या किंवा उजव्या कुशीवर झोपा. शेवटच्या महिन्यांत उताणे झोपू नका.

औषधे: ताप किंवा अंगदुखीसाठी पॅरासिटामॉल चालते. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक असलेल्या वेदनाशामक गोळ्या मेडिकलमधून आपल्या मनाने घेऊ नका. बाळाच्या मूत्रपिंडावर आणि हृदयाच्या रक्ताभिसरणावर त्यांचा परिणाम होऊ शकतो. लोहाची गोळी चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नका, किमान दोन तासांचे अंतर ठेवा.

ऊन: मार्च ते जून या काळात विदर्भ, मराठवाडा किंवा खानदेशात जायचे असेल, तर पहाटे निघा आणि ऊन चढण्याआधी पोहोचा.

या लक्षणांकडे दुर्लक्ष करू नका

प्रवासात किंवा पोहोचल्यावर पुढीलपैकी काहीही झाले, तर घर जवळ आले असले तरी आधी जवळच्या रुग्णालयात जा.

- योनीमार्गातून रक्त किंवा पाणी जाणे
- ३७ आठवड्यांआधी ठरावीक अंतराने पोट घट्ट होणे किंवा कळा येणे, विशेषतः तासाभरात चार किंवा अधिक वेळा
- तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे, पोटाच्या वरच्या भागात दुखणे, चेहऱ्यावर किंवा हातांवर सूज, झटके
- बाळाची हालचाल कमी होणे किंवा थांबणे
- एकाच पायाच्या पोटरीत दुखणे व सूज, अचानक दम लागणे, छातीत दुखणे
- थंडी वाजून ताप, लघवीला जळजळ
- पडणे किंवा पोटावर मार बसणे, मग दुखत नसले तरी

चालत्या गाडीत बाळाची हालचाल पटकन जाणवत नाही. घाबरू नका. थांबल्यावर काही खाऊन कुशीवर शांत पडून राहा. २८ आठवड्यांनंतर दोन तासांत दहा हालचाली जाणवल्या नाहीत, तर लगेच रुग्णालय गाठा.

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आणीबाणीसाठी मोफत येते. गर्भवती आणि नवजात बाळांसाठी १०२ क्रमांकाचीही सोय आहे. दोन्ही नंबर फोनमध्ये आधीच साठवून ठेवा.

माहेरी पोहोचल्यावर

पहिले दोन दिवस विश्रांती घ्या. सात दिवसांच्या आत नव्या डॉक्टरांकडे जाऊन वजन, बीपी, लघवी आणि बाळाचे ठोके तपासून घ्या. त्यानंतर ३६ आठवड्यांपर्यंत दर दोन आठवड्यांनी आणि पुढे दर आठवड्याला तपासणी करा. बरे वाटत असले तरी जा, कारण वाढलेले बीपी सुरुवातीला काहीच त्रास देत नाही.

गावातील आशाताईंना तुम्ही आल्याचे कळवा. त्या तुमची नोंद करून उपकेंद्राच्या परिचारिकेशी गाठ घालून देतील. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत गर्भवतींची मोफत तपासणी होते. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी रुग्णालयात प्रसूती, सिझेरियन, औषधे आणि ने-आण यांचा खर्च तुमच्यावर पडत नाही.

रात्री कळा आल्या तर कोणत्या गाडीने, कोणत्या रस्त्याने, कोणासोबत जायचे, हेही याच आठवड्यात ठरवा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

खड्ड्यांमुळे गर्भपात होतो का?
सर्वसाधारण धक्क्यांनी होत नाही. बाळ गर्भजलात सुरक्षित असते. पण पोटावर थेट मार बसला किंवा जोरात पडलात, तर वार सुटण्याचा धोका असतो. तेव्हा तपासणी लगेच करा.

विमानतळावरील सुरक्षा तपासणीने बाळाला अपाय होतो का?
नाही. मेटल डिटेक्टरमध्ये क्ष-किरण नसतात. क्ष-किरण सामानाच्या यंत्रात असतात.

एकटीने प्रवास केला तर चालेल का?
शेवटच्या तीन महिन्यांत सोबत असावीच. सोबतच्या व्यक्तीला फाईल कुठे आहे आणि तुमचा रक्तगट कोणता, हे माहीत हवे.

दोन्ही घरांसाठी शेवटची सूचना. मुलीला गाडीत बसवून दिले की सासरचे काम संपत नाही, आणि ती घरी पोहोचली की माहेरची काळजी मिटत नाही. “पोहोचलीस का?” या फोननंतर आठवड्याने आणखी एक फोन करा आणि विचारा, “तपासणी झाली का? बीपी किती आहे?”

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या प्रकृतीनुसार निर्णय घेण्यासाठी तुमच्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.)